खरखर परत घातली

कोपऱ्यातला तो डबा विकायचा नाही हो. बसा, दिवा जरा पुढे ओढतो, मग सांगतो का ते. जुना सीडी प्लेअर आहे, चांगला जड. गिऱ्हाइकाचा आहे, दुरुस्तीला आलेला.

मागच्या गल्लीतला शिंपी एका दुपारी तो घेऊन आला. उजव्या बाजूने खरखर येते म्हणाला. मी डबा पुसेपर्यंत स्टुलावर बसला आणि मग हळूहळू खरं काय ते बोलला. त्याची लहानगी तापात गेली होती. ती या डब्याला टेकून बसायची आणि बासरीच्या सीडीबरोबर गुणगुणायची. आता बायको दिवसभर उजव्या स्पीकरला कान लावून बसते, जेवत नाही, खरखरीत पोर गुणगुणतेय म्हणते. खरखर गेली की ती तिथून उठेल, एवढंच त्याचं म्हणणं.

मी नेहमीच्या रीतीनं सुरुवात केली. दोन्ही स्पीकरच्या वायरी अदलाबदल करून पाहिल्या. खरखर डावीकडच्या स्पीकरमधून यायला लागली, म्हणजे स्पीकर चांगले, दोष डब्यातच. झाकण उघडलं, भिंग पुसलं. उजव्या बाजूचे कपॅसिटर सुकून गेले होते. ते काढून नवे लावले. जुने एका झाकणात ठेवले. काढलेला माल गिऱ्हाइकाला परत द्यायची माझी सवय.

सीडी लावली. खरखर पार गेली. शिंपी हसला, बऱ्याच दिवसांनी हसला असावा. आणि मग बासरीच्या मागून कुणीतरी गुणगुणलं...

सीडीवर गाणं नव्हतं, नुसती बासरी. हे बारीक, पोरवयाचं. मधेच थांबायचं, नाक ओढायचं, पुन्हा सुरू. खरखरीनं इतके दिवस ते झाकून ठेवलं होतं. मी सीडी बाहेर काढली. बासरी थांबली. गुणगुण चालूच राहिली.

शिंप्यानं डब्यावर हात ठेवला.

"काका, खरखर परत घालता येईल का?"

"आता कशाला?" मी विचारलं.

"हे असं स्वच्छ ऐकलं, तर ती... ती कधीच उठायची नाही तिथून."

झालेलं काम बिघडवून द्या, असं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. झाकणातले सुकलेले कपॅसिटर पुन्हा डाग देऊन बसवले. खरखर आली. तिच्याखाली काही ऐकू येईना. पोराला घ्यावं तसा तो डबा छातीशी धरून तो गेला.

मी टेबल आवरायला लागलो, तर जिथं डबा वाजवून पाहिला होता त्या मोकळ्या फळीवरून तीच गुणगुण. आईची वाट बघत पोरं आपल्याशीच काहीतरी म्हणत बसतात ना, तशी.

दुसऱ्या दिवशी शिंप्याची बायको आली. केस विस्कटलेले, पाय अनवाणी. मी बस पोरी म्हटलं, पण ती बसली नाही. घरात नुसती खरखर उरलीय म्हणाली, आणि फळीकडे बघत राहिली.

"इथं राहिलीस होय गं? चल..."

गुणगुण थांबली. तिनं हात खाली सोडला, मूठ अलगद मिटली, आणि एका अंगाला थोडी झुकून बारीक पावलं टाकत निघाली. रस्त्यापाशी थांबून दोन्हीकडे बघून घेतलं. मला बरंच वाटलं. उठली तरी बिचारी.

ती घरी पोचलीच नाही.

शिंप्यानं सगळीकडे शोधलं. दवाखाने, नातेवाईक, नदीकाठ. थकला, आणि एक दिवस हा डबा पुन्हा माझ्या टेबलावर आणून ठेवला.

"खरखर काढा काका," म्हणाला. "आता दोघी आहेत त्यात."

काम मी त्याच दिवशी केलंय. पण रोज तो दारात येऊन विचारतो, आणि मी सांगतो, मास्तर, सामान मिळत नाही हो, जुना डबा आहे. एकदा त्यानं स्वच्छ ऐकलं की तो तरी घरी कशाला राहील? मान हलवतो, परत फिरतो. दुकानात बोलायला माणूस नाही, म्हणून त्याच्या पाठीकडे बघत बसतो मी.

डब्याला वायर लावलेली नाही, तुम्हीच बघा. तरी दिवसभर त्यात दोघींची गुणगुण चालू असते. तो दारात आला की थांबते. आणि तो कोपऱ्यावरून वळून दिसेनासा होईपर्यंत पुन्हा सुरू होत नाही.