माझ्या छत्रीमागे कोण आलं

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. मी पोटासाठी बडबडते, पर्यटकांना हसवायला रोज थापा मारते, हे अख्ख्या जॉर्जटाउनला माहीत आहे.

पण ही थाप नाही.

आणि रात्रही नव्हती. भुताच्या गोष्टीला रात्र लागते म्हणतात. इथे तर भरदुपार होती. गेल्या वर्षीची, चिनी नववर्ष नुकतंच उलटलेलं, आणि ऊन असं की छत्रीचा दांडा हाताला चटके देत होता.

मी ग्वात एंग. पिनांग बेटावरच्या याच जॉर्जटाउनमध्ये गाइड आहे. शाहुल माझी व्हॅन चालवतो. त्याचे पणजोबा नागपट्टणमहून जहाजाने आले, म्हणून तो मला अक्का म्हणतो आणि माझ्या तोंडाळपणाला दिवसभर हसतो.

त्या दिवशी सिंगापूरच्या तिघी बहिणी होत्या. तिघी सत्तरीच्या पुढच्या, तिघी हट्टी. आमचीच होक्कियन बोली बोलणाऱ्या. त्यांना अर्ध्या दिवसात सगळं शहर हवं होतं. मशीद, मारिअम्मनचं देऊळ, पाण्यावरच्या वस्तीचा धक्का, शिवाय नारळाच्या दुधातलं गार चेंडोल खायचं.

सुरुवात केली तांजुंग तोकोंगच्या समुद्रकाठच्या देवळापासून.

देवळाच्या मागे, वाळूत, काही माणसं उभी होती. उदबत्त्यांचा धूर. एक पुजारी. एक काळी छत्री.

आणि छत्रीखाली साव चू मावशी.

मावशी धक्क्यावर राहते, खांबांवरच्या घरांपैकी एकात. जायफळाचं सरबत विकते. माझे सगळे पर्यटक तिच्याकडेच सरबत पितात. तिचा एकुलता एक मुलगा बून हेंग मासे धरायला गेला होता. होडी सापडली. तो सापडला नाही.

आमच्यात असं आहे. घराबाहेर मेलेल्याचा जीव वाट चुकतो. मग पाण्याकाठी जाऊन त्याला नावानं बोलवायचं. काळ्या छत्रीच्या सावलीत घ्यायचं. घरी नेताना प्रत्येक वळण, प्रत्येक पूल ओरडून सांगायचा. "डावीकडे वळतोय रे. पूल आला. मागे मागे ये." सांगितलं नाही तर तो तिथेच उभा राहतो. कायमचा.

असं बोलावणं चालू असताना मध्ये कुणी बोलायचं नसतं. मी तोंड फिरवलं आणि बहिणींना तिथून हलवायला छत्री उंच धरली.

माझी छत्रीही काळीच.

"चला, चला, या माझ्या छत्रीमागे. मागे राहू नका. गाडीत बसा."

रोजचंच बोलणं ते. जीभ आपली सवयीने चालत होती.

"डावीकडे वळतोय हं," मी गाडीत माइकवर म्हणाले. "आता पूल. सांभाळून."

पूल ओलांडला आणि...

गाडीत चिखलाचा वास आला. ओहोटीनंतर खांबांच्या बुडाशी येतो ना, तसा.

"शाहुल, मासे आणलेस का रे बायकोसाठी?"

"मी? अक्का, माझी बायको मला मासे आणू देते का? म्हणते, तुला दुकानदार फसवतात."

बहिणी हसल्या. सगळ्यांत धाकटी मात्र हसली नाही. ती मागच्या रिकाम्या सीटच्या पुढे बसली होती. तिने शाल ओढून घेतली.

"एसी कमी करा," ती म्हणाली. "मानेवर गार लागतंय."

शाहुलने आरशात माझ्याकडे पाहिलं.

एसी बंद होता...

चेंडोलच्या गाडीवर आम्ही पाच जण बाकावर बसलो. मुथय्या मला वर्षानुवर्षं ओळखतो. त्याने वाट्या मांडल्या. माझ्यासमोर, शाहुलसमोर, तिघींसमोर.

आणि बाकाच्या टोकाला अजून एक.

"मुथय्या, ही कुणाची?"

"तुमच्याबरोबर अजून कुणी होतं ना?" तो बाकाकडे बघत म्हणाला. मग डोळे चोळले. "ऊन फार आहे. राहू दे, अक्का. खाऊन टाक तूच."

मी नाही खाल्ली. बोलत बसले. बोलणं संपवून पाहिलं तर...

वाटीतला माडाचा गूळ तेवढा गेला होता. नारळाचं दूध तसंच. हिरव्या शेवया तशाच. फक्त गूळ, चाटून पुसून.

बहिणींनी धक्का बघायचा नाही म्हणून सांगितलं. धाकटीला हुडहुडी भरली होती. हॉटेलच्या दारात उतरताना तिने माझा हात धरला. "पोरी, तू बोलायचं जरा कमी कर," एवढंच म्हणाली.

त्या आत गेल्या आणि माझा फोन वाजला.

साव चू मावशी.

"ग्वात एंग," तिचा आवाज फाटला होता. "कौल लागत नाही गं."

आमचे कौल म्हणजे चंद्रकोरीसारखे लाकडाचे दोन तुकडे. एक उताणा, एक पालथा पडला की होकार. पोरगा घरात आला का, म्हणून ती ते टाकत होती. टाकत होती, टाकत होती. होकार येत नव्हता.

"समुद्राकाठी हो म्हणाला होता. पुजारी म्हणतात, वाटेत कुणीतरी घेऊन गेलं. माझ्या पोराला कुणी नेलं गं? आज दिवस मावळायच्या आत आला नाही तर तो बेवारशी झाला."

मी मागे वळले नाही. शाहुलला विचारलं, "मागची सीट बघ."

त्याने मागे वाकून सीटवर हात फिरवला.

"ओली आहे, अक्का... थेंब पडताहेत."

माझी पाचावर धारण बसली. पण मावशीचा आवाज कानात होता. भीती बाजूला ठेवली आणि मी छत्री उघडली. भर गाडीत.

"बाळा," मी म्हणाले. "चुकून माझ्यामागे आलास ना? चल. आई वाट बघतेय. आईकडे जाऊ."

मग प्रत्येक वळण सांगितलं. प्रत्येक सिग्नल. नाल्यावरचा छोटा पूलसुद्धा. शाहुल त्याच्या देवाचं नाव घेत होता, मी माझ्या. दोघांचे देव त्या संध्याकाळी एकाच गाडीत बसले होते.

धक्क्यावर उतरलो. ऊन कलतं झालं होतं. मी पुढे, हातात छत्री.

"फळ्या आहेत, बाळा. जपून."

मागे...

टप. टप. टप.

मी वळले नाही. वळायचं नसतं.

मावशीच्या दारात छत्री मिटली. तिने कौल टाकले. एक उताणा. एक पालथा.

होकार.

ती जमिनीवर बसली आणि जी रडली... असं रडणं मी कधी ऐकलं नव्हतं. माझा हात तिने कपाळाला लावला. "आणलास गं माझा पोरगा," म्हणाली. मीही रडले. खोटं कशाला सांगू, मला माझाच अभिमान वाटला.

बाहेर शाहुल फळ्यांवर उकिडवा बसला होता.

"अक्का, इकडे ये."

फळ्यांवर ओली पावलं उमटली होती. गाडीपासून मावशीच्या दारापर्यंत. वाळत चालली होती.

शाहुलने एका पावलावर आपल्या हाताचा तळवा ठेवला.

पाऊल पूर्ण झाकलं गेलं...

बून हेंग आडदांड गडी होता. त्याच्या मापाच्या चपला बाजारात मिळत नसत. आणि मावशी नेहमी कुरकुरायची, या पोराने जन्मात गोड तोंडात घातलं नाही.

समुद्राकाठी मी कुणाचंही नाव न घेता "या माझ्या छत्रीमागे" म्हणाले होते. त्या पाण्यात ते ऐकून कोण कोण यायला तयार असेल, हा विचार मी केलाच नव्हता.

"सांगायचं?" शाहुलने विचारलं.

आतून मावशीचा आवाज येत होता. भात वाढत होती. किती दिवसांनी ती कुणाशी तरी लाडाने बोलत होती.

आम्ही सांगितलं नाही.

आता वर्ष झालं. मावशी सावरली. अंगावर मूठभर मांस चढलंय. देव्हाऱ्यात ठेवलेल्या बून हेंगच्या नावाच्या लाकडी पाटीपुढे रोज गोड पाव ठेवते. "मेल्यावर चव बदलली बघ त्याची," हसत सांगते. "पाव ठेवला की दिवा कसा नाचतो."

मी मान हलवते. हल्ली मी पर्यटकांना मागे या म्हणत नाही. नुसती हाताने खूण करते. शाहुल चिडवतसुद्धा नाही.

पण परवा सरबत प्यायला गेले, तर मावशी पेला भरून माझ्याजवळ येऊन बसली.

बून हेंगची एक सवय होती. होडी घराखाली आली की तो वल्ह्याने खालून फळी ठोकायचा. दोनदा. म्हणजे, आई, भात टाक.

"ग्वात एंग," मावशी हळूच म्हणाली. "भरती आली की ठोकल्याचा आवाज येतो गं. दोनदा."

तिने पाटीकडे पाहिलं. मग पायाखालच्या फळीकडे.

"पोरगा तर घरात आहे ना माझा. मग खालून कोण ठोकतंय?"

मी पाय फळीवरून उचलून घेतले. भरती चढत होती.