चार मिनिटं हात लावायचा नाही

कासिमची नव्वा यंदा एक दिवस आधीच आली आणि दमियाटच्या गल्ल्यांत घोटाभर पाणी झालं. नव्वा म्हणजे आमच्या किनाऱ्यावरचं हिवाळी वादळ. दरवर्षी ठरलेल्या तारखांना, ठरलेली नावं घेऊन, पाहुण्यांसारखी येतात ही वादळं. कासिमचा मुक्काम पाच दिवस. तेवढे दिवस शेजारच्या इज्बत अल-बुर्ग गावच्या सगळ्या मासेमारी बोटी नाइलच्या तोंडाशी बांधून ठेवतात, आणि खलाशी घरात बसून आयाबायकांच्या पायांत पायांत येतात.

त्यांतलाच एक सोमवारी दुपारी रदवाच्या टीव्ही-दुरुस्तीच्या दुकानात शिरला. हातात बत्तीस इंची टीव्ही. बोटीवरचा पिवळा रेनकोट त्याने टीव्हीला घातला होता, अगदी बटणं लावून, आणि स्वतः मात्र नखशिखान्त भिजला होता.

"इंजिनियरसाहेब आहेत का?"

"बोला."

तो तिच्या खांद्यावरून मागे बघायला लागला. सगळेच बघतात.

"मागे भिंत आहे," रदवा म्हणाली. "तिला दुरुस्तीतलं काही कळत नाही. मला कळतं."

आता इथे पुरुषांच्या दोन जाती होतात, हे रदवाला सहा वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं. एक जात हसते, दुसरी 'नंतर येतो' म्हणून सटकते. बाबांची नजर अधू झाली, बोर्डावरचे सोल्डरचे बारीक टाके दिसेनासे झाले, तेव्हापासून दुकान तीच चालवत होती. आता तर पार मन्सूरापासून लोक टीव्ही घेऊन यायचे. पण हा गडी तिसऱ्याच जातीचा निघाला. त्याने टीव्ही टेबलावर ठेवला, उंबऱ्याबाहेर जाऊन बाह्या पिळल्या, आत येऊन म्हणाला, "मग चूक माझी. इंजिनियरबाई, या टीव्हीत सगळी माणसं डोक्यावर उभी आहेत."

तिने लावून बघितला. खरंच की. बातम्या देणारी बाई वटवाघळासारखी लटकून बातम्या देत होती. रदवाला हसू आलं, ते तिने दाबलं नाही.

तिने विचारलं, इंटरनेटवरून नवं सॉफ्टवेअर घालायला गेला होतात ना? त्याने नखं बघितली. म्हणाला, चॅनलं अडकत होती, कुणीतरी सांगितलं अपडेट मार...

"टीव्हीच्या पाठीवरचं नाव बघून फाइल घेतलीत?"

"मग काय बघायचं?"

"नाव कारखान्यात चिकटवतात हो. एकाच नावाच्या टीव्हीत तीन तीन तऱ्हेचे बोर्ड असतात. पाठ उघडायची, बोर्डवरचा नंबर वाचायचा, मग त्याची फाइल घ्यायची."

"म्हणजे वरच्या नावावर जायचं नाही?"

"कधीच नाही."

"माझं नाव वगदी," तो म्हणाला. "पण... जाऊ द्या, त्यावर जाऊ नका."

रदवाने चटकन खाली वाकून स्क्रू काढायला घेतले. स्क्रू चारच होते, तिने सावकाश काढले.

योग्य फाइल पेनड्राइव्हमध्ये घालून तिने टीव्हीला लावली. लाल दिवा लुकलुकायला लागला. "आता चार मिनिटं कशाला हात लावायचा नाही," तिने बजावलं. "मध्येच वीज गेली, कुणी वायर ओढली, तर टीव्ही गेला."

त्या चार मिनिटांत दुसरं काही करता येत नाही. बसायचं, बोलायचं. बाहेर पाऊस पत्र्यावर ताशा वाजवत होता. वगदीने सांगितलं, तो बोटीच्या इंजिनावर असतो, एकदा गेला की चाळीस दिवस परत येत नाही. घरी आई एकटीच. वडील गेले, तिचे गुडघे गेले, आणि दुसऱ्या मजल्यावरून ती सहा महिन्यांत खाली उतरलेली नाही. टीव्ही हीच काय ती तिची सोबत. भिंतीवर डिश, डिशची वायर थेट टीव्हीत, वेगळा सेट-टॉप डबा नको आणि दुसरा रिमोटही नको, म्हणून खास आईसाठी त्याने हा घेतला होता.

"चहा घेणार?" रदवाने विचारलं.

"दमियाटचा माणूस आपणहून चहा विचारतो?" वगदीने डोळे मोठे केले. "आम्ही तर ऐकलंय, तुम्ही एवढे चिक्कू की पाहुण्याला विचारता, जेवणार की हलक्या पोटीच झोपणार?"

"तेही विचारणार होते," रदवा म्हणाली. "पण तुम्ही 'जेवणार' म्हणाला असतात."

तो एवढा मोकळा हसला की समोरचा लाकूडवाला दारात येऊन डोकावून गेला. चार मिनिटं कधी संपली ते दोघांनाही कळलं नाही. टीव्हीतली बाई पायांवर उभी राहून कधीची बातम्या देत होती.

मंगळवारी तो पुन्हा हजर. तोच टीव्ही, तोच रेनकोट. म्हणे रिमोट वेड्यासारखा करतोय; आवाज वाढवायला गेलं की टीव्ही बंद पडतो.

रदवाने माहितीचं पान उघडलं. तिथे सॉफ्टवेअरची तारीख असते. काल तिने घातलेलं मार्चचं होतं. हे नोव्हेंबरचं.

तिने वर बघितलं. वगदी छताकडे बघत होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

"काल घरी नेल्यावर कुणी हात लावला होता का?"

"छे. आपोआपच झालं. भूतबाधा वगैरे..."

"भुताकडे पेनड्राइव्ह असतो वाटतं हल्ली."

त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. रदवाने खरं तर तिथेच त्याचे कान उपटायला हवे होते. दुसरा कुणी असता तर तिने सोडला नसता. आपल्या कामाशी कुणी खेळलेलं तिला खपत नसे. पण आत कुठेतरी गुदगुल्या होत होत्या. अख्खी इज्बत अल-बुर्ग सोडून एक माणूस भर पावसात मिनीबसमध्ये मांडीवर टीव्ही घेऊन येतो, तेही मुद्दाम बिघडवून! ती गप्प बसली. मार्चची फाइल पुन्हा घातली, पुन्हा चार मिनिटं, पुन्हा चहा. या वेळी सोबत तिने मशब्बकचा, म्हणजे आमच्याकडच्या जिलेबीचा, मोठा तुकडाही दिला, आणि पाकात माखलेली बोटं चाटताना त्याने तिच्याकडे असं काही बघितलं की तिला उगाचच ओढणी सारखी करावीशी वाटली.

बुधवारी तो आला तेव्हा रेनकोट टीव्हीला नीट घातलेलाही नव्हता. चेहरा उतरला होता.

"लाल दिवासुद्धा येत नाही," तो म्हणाला.

रदवाने वायर तपासली, वीज तपासली, पाठ उघडून मोजमापं घेतली. टीव्ही दगड झाला होता. चुकीची फाइल आत अशी बसली होती की पेनड्राइव्ह ओळखायलाही कुणी शिल्लक नव्हतं. ती तपासत होती तेवढ्यात वगदीचा फोन वाजला. त्याची आई होती. तिने मुलाला सांगितलं, तू नको, त्या पोरीला दे फोन.

"पोरी," म्हातारी म्हणाली, "घर एवढं गप्प झालंय की घड्याळ ऐकू येतंय. शनिवारी पहाटे बोटी सुटतील, हाही जाईल. तोवर होईल का गं तो सुरू?"

"होईल मावशी," रदवा म्हणाली. पण होईल की नाही, तिला खात्री नव्हती. तिने फोन परत दिला. तिला आयुष्यात पहिल्यांदा आपल्या दुकानाची लाज वाटली.

वगदी खाली मान घालून उभा होता. "कालचं आणि आजचं... भूत नव्हतं. मीच."

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"कालपासून. सॉफ्टवेअरला तारीख असते."

"मग बोलला का नाहीत?"

आता काहीतरी थातूरमातूर उत्तर देऊन सुटता आलं असतं. पण सुटायचा रदवाचा स्वभाव नव्हता. तिने हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

"बोलले असते तर तुम्ही आज आला नसता. आणि तुम्ही यावं असं मला वाटत होतं. आवडता तुम्ही मला." तिचा आवाज जरासुद्धा कापला नाही. "आता लगेच खूश होऊ नका. तुम्ही मूर्खपणा केलात आणि मी मजा बघत बसले. दोघांनी मिळून एका म्हाताऱ्या बाईची सोबत घालवली. ती परत मिळाल्याशिवाय या विषयावर एक अक्षर बोलायचं नाही. कळलं?"

"कळलं," वगदी म्हणाला. मग न राहवून, "पण शनिवारी—"

"एक अक्षर नाही."

इलाज एकच होता. बोर्डावर आठ पायांचा चिपचा इवलासा तुकडा असतो, टीव्हीची सगळी आठवण त्यात. तो गरम हवेने उचलायचा, आणि अगदी तशाच दुसऱ्या चालू टीव्हीतलं सगळं जसंच्या तसं त्यात उतरवायचं. पण तोच नंबर असलेला बोर्ड आणायचा कुठून? रदवाने दमियाटमधल्या चार दुकानांत फोन केले. कुणाकडे नव्हता. मग तिला आठवलं, आपल्या घरी बैठकीत काय आहे ते.

संध्याकाळी तिने बाबांच्या पुढ्यातला टीव्ही भिंतीवरून काढला तेव्हा बाबांनी, हाज्ज बयूमींनी, घर डोक्यावर घेतलं. गुरुवारी सामना आहे, हे तिला माहीत नाही का? आणि असलं कसलं गिऱ्हाईक, ज्याच्यासाठी स्वतःच्या घरचा टीव्ही उघडावा लागतो? रदवाने टीव्ही चादरीत गुंडाळला. बाबांना टाके दिसत नसले तरी लेकीचा चेहरा दिसत होता. मग ते एवढंच म्हणाले, बरं, ने. जपून उघड.

गुरुवारी दुपारी दोनच्या सुमारास बत्तीस इंची दगडाने डोळा उघडला. रदवाने दुकानात फक्त चित्र आणि आवाज बघितला. डिशवर लावून बघायला वेळ कोणाला होता? तिने दुकानाला कुलूप घातलं आणि टीव्ही स्वतःच घेऊन वगदीबरोबर मिनीबसमध्ये बसली. एक अक्षर बोलायचं नाही हे दोघांनी पाळलं. फक्त खड्ड्याखड्ड्यांना दोघांचे हात टीव्ही सावरायला एकाच वेळी पुढे यायचे, आणि त्या रस्त्याला खड्डे भरपूर.

वगदीची आई खाटेवर वाटच बघत होती. वायर जोडली, टीव्ही लागला. तिने सवयीने तीन नंबर दाबला. तीनवर तिची मालिका असायची. पडद्यावर वाळवंटातून उंट धावत होते. तिने पाच दाबला. पाचवर कुस्ती.

"पोरी, माझं स्वयंपाकाचं चॅनल कुठे गेलं?"

रदवाने कपाळाला हात लावला. घरच्या टीव्हीतलं सगळं जसंच्या तसं उतरवलं, त्यात चॅनलची यादीसुद्धा आली होती. एवढी सहा वर्षं घासली, आणि ही चूक नवशिक्यासारखी.

"ही यादी माझ्या बाबांची आहे मावशी. आमच्या घरच्या टीव्हीतूनच घेतलं ना सगळं... द्या इकडे रिमोट, दहा मिनिटांत तुमच्या मनासारखी लावून देते."

म्हातारीने रिमोट दिला नाही. तिने रदवाकडे बघितलं. मग मुलाकडे, जो खिडकीपाशी उभा राहून उंटांकडे असा टक लावून बघत होता जणू जन्मात उंट पाहिला नव्हता.

"तुझ्या वडिलांना उंटांच्या शर्यती आवडतात?"

"फार."

"मग राहू दे," म्हातारी म्हणाली. "व्याह्यांना काय आवडतं ते आधीच कळलेलं बरं."

खोलीत फक्त उंट धावत राहिले. रदवाचा चेहरा तापला. वगदीने घसा खाकरला. टीव्ही आता सुरू झाला होता, म्हणजे बोलायची परवानगी होती.

"मी... चाळीस दिवसांनी परत आलो," तो म्हणाला, "की आईला घेऊन तुमच्या बाबांकडे... येऊ का?"

रदवाने खिडकीतून बाहेर बघितलं. पाऊस ओसरत आला होता, पलीकडे बांधलेल्या बोटी अजून डुलत होत्या. तिला हो म्हणायला चाळीस दिवस तर सोडाच, चार मिनिटंही नको होती.

"आज गुरुवार आहे," ती म्हणाली. "गुरुवारी बाबा घरीच असतात. सामन्याला टीव्ही हवा म्हणून हटून बसलेत, आणि त्यांचा टीव्ही माझ्या टेबलावर उघडा पडलाय, तोही तुमच्यापायी. बोलणी खावी लागतील. चालेल?"

"आज?" वगदीने आईच्या पायांकडे बघितलं. "पण आई... दोन मजले..."

टीव्हीचा आवाज बंद झाला. म्हातारीने रिमोट उशीखाली सारला होता आणि पाय खाटेखाली सोडून ती काहीतरी चाचपत होती.

"उभा काय राहिलास," ती मुलाला म्हणाली. "माझ्या चपला शोध."

चपला कपाटामागे सापडल्या, धुळीने माखलेल्या. वगदीने त्या शर्टाच्या बाहीने पुसल्या. मग म्हातारीने एक हात मुलाच्या खांद्यावर ठेवला, दुसरा रदवाच्या, आणि देवाचं नाव घेऊन पहिल्या पायरीवर पाऊल टाकलं.