घोयरा रस्ता ओलांडताना

वळणावर एक निळा ट्रक उभा होता. इंजिन बंद. मागच्या गाड्या भोंगे वाजवून दमल्या होत्या आणि चालक मात्र स्टिअरिंगवर हनुवटी टेकवून निवांत रस्त्याकडे बघत बसला होता. पावसाची भुरभुर चालू होती. रस्त्याच्या मधोमध एक घोयरा सरड्याची मादी होती, पोपटी रंगाची, पोटात अंडी घेऊन जड झालेली. एक पाय उचलायची, पुढे डुलायची, मागे डुलायची... आणि मग विचार बदलल्यासारखी तिथंच थांबायची.

"ट्रक बिघडलाय का?" मी विचारलं.

"ट्रक ठणठणीत आहे. बाईंचं जायचं पक्कं होत नाहीये."

"मग उतरून बाजूला ठेवा की तिला!"

"छे छे! आमच्या घराण्याला घोयरा वर्ज्य आहे. शिवायचं नाही, चाकाखाली घ्यायचं नाही. तो रस्ता ओलांडत असला की आपण थांबायचं. आजोबांची बैलगाडी होती, माझा ट्रक आहे. नियम तोच."

मला हसू आलं. मी तिच्यासमोर बोट धरलं. ती माझ्या हातावर चढली तसा तो सीटच्या पार दुसऱ्या टोकाला सरकला.

"अहो... चावेल!"

"तुम्हाला चावणार नाही. तुम्ही फार लांब आहात."

तो बेझारा. तोआमासिनाच्या किनाऱ्याकडचा, कोळशाची पोती राजधानीला पोचवणारा. आणि मी नुरू. जंगलाच्या कडेला घोयऱ्यांची पैदास करायचं एक केंद्र होतं, तिथं अंडी सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. मालक राजधानीत, आंतानानारिव्होला राहायचे. पिल्लं मोठी झाली की विमानानं परदेशी जायची, कुणाकुणाच्या काचेच्या पेट्यांत. मी मागे राहायची. आईवडील गेलेले, ताई लग्न होऊन राजधानीत. घोयऱ्यांना शिवणारे हात म्हणून बाजारात भाजीवाली माझ्याकडून नाणीसुद्धा सुपात टाकून घ्यायची. बोलायला होते ते घोयरेच. त्यांचाही एक डोळा माझ्याकडे असला तरी दुसरा कायम दुसरीकडेच.

त्या मादीला मी केंद्रावर नेलं. पुढच्या खेपेला ट्रक तिथल्या कुंपणाशी थांबला.

"बाई काय म्हणतायत?"

"बाळंत झाल्या. खड्डा खणून अंडी घातली, वर माती लोटली आणि मागं वळून बघितलंसुद्धा नाही."

"आणि आता?"

"आता मी आहे ना. चमच्यानं एकेक उकरून काढलं, डब्यातल्या ओल्या मातीत ठेवलं. वरच्या बाजूला पेन्सिलीचा ठिपका. अंडं उलटं झालं तर पिल्लू मरतं."

"एवढं जपता?" तो म्हणाला. "नशीबवान आहेत."

मी करपलेल्या भाताच्या खरवडीचं गरम पाणी पेल्यात ओतून पेला कुंपणाच्या खांबावर ठेवला आणि मागे सरले. सगळ्यांसाठी तसंच करायची सवय होती. त्यानं तो उचलून घेतला. मग प्रत्येक खेपेला तसंच. कधी तो लिची आणायचा, कधी लवंगा. मी त्याच्या ट्रकच्या खोकण्याला कान लावून बसू लागले... आणि एका दुपारी मी पेला खांबावर ठेवणार, इतक्यात त्यानं तो थेट माझ्या हातातून घेतला. बोटांना बोटं लागली.

"घरचे काय म्हणतील?" मी कसंबसं विचारलं.

"वर्ज्य घोयरा आहे," तो म्हणाला. "तुम्ही नाही."

पाणी पिऊन झालं तरी तो पेला परत देईना. "मेंढ्याची मांडी घेऊन तुमच्या ताईच्या दारात उभा राहू का? रीतसर मागणी घालायला?"

इतक्या वर्षांत माझा हात कुणी धरला नव्हता. एकदम भीतीच वाटली. तोंडाला आलं ते बोलून गेले, "ही अंडी फुटली की सांगते."

"म्हणजे पुढच्या महिन्यात?"

"दुसरा हिवाळा उलटला की."

"अहो, कोंबडीसुद्धा..."

"मग कोंबडीला मागणी घाला!"

तो खो खो हसला. थांबतो म्हणाला.

पण थंडी आली. अंड्यांच्या खोलीत मी शालीत गुरफटून बसायची, नाक लाल व्हायचं, आणि ते त्याला बघवेना. एकदा मी बाजारात गेले असताना तो आला. खोली बर्फासारखी गार. त्याला वाटलं, अंडी गारठतायत, त्याचं उत्तरही गारठतंय. त्यानं चांगला कोळसा निवडून शेगडी पेटवली आणि आत नेऊन ठेवली. त्या अंड्यांना हिवाळा लागतो, गारवा सोसल्याशिवाय आत जीव वाढत नाही, हे त्याला कुठून माहीत असणार? मी परतले तेव्हा शेगडीजवळच्या डब्यांतली माती भाजून निघाली होती. अंडी पिवळी पडून आत दबली होती. ठिपके तेवढे जिथल्या तिथं.

तो दारातच उभा होता, हसऱ्या चेहऱ्यानं.

"तुम्हाला थांबताच येत नाही!" मी ओरडले. "जा तुम्ही... जा!"

तो गेला.

त्यानंतर ट्रक जायचा, पण थांबायचा नाही. वळणावर खोकायचा, मी उठायची, आणि तोवर आवाज दरीत उतरलेला असायचा. ओरडले त्याचं वाईट वाटत नव्हतं. अंडी माझी होती. पण खांब रिकामा दिसायचा. खरवडीचं पाणी मी एकटीच प्यायची, गार झाल्यावर. दुसरा हिवाळा पहिल्याहून लांब वाटला.

मग एका सकाळी लांबच्या फळीवरच्या अंड्यांना घाम फुटला. दवासारखे बारीक थेंब. पिल्लं निघायच्या आधी असंच होतं. दुपारपर्यंत एकाला चीर गेली, चिमुकलं नाक बाहेर आलं, एक डोळा माझ्याकडे आणि दुसरा दाराकडे.

उत्तर तयार होतं. ऐकायला कुणी नव्हतं.

त्याच्या खेपेचा दिवस होता. मी वळणावर जाऊन उभी राहिले. ट्रकचा खोकला ऐकू आला. हात केला तर थांबेल? मन धजेना. मग मी रस्त्यात उतरले. एक पाय उचलला. पुढे डुलले, मागे डुलले... टेकवला. पुन्हा थांबले.

ब्रेक करकरले. इंजिन बंद झालं. झाडांवरून ठिबकणाऱ्या पाण्याचा आवाज तेवढा उरला.

"नुरू..." पहिल्यांदाच नावानं हाक. "कुठं चाललीस?"

"पलीकडे."

"वेळ लागेल?"

"लागेल. इतके दिवस का थांबला नाहीत?"

"वाटलं, मी थांबलो की पुन्हा काहीतरी मरेल."

"उरलेली सगळी फुटतायत," मी म्हणाले आणि पुढचा पाय उचलला. मागे भोंगे सुरू झाले. त्यानं शांतपणे स्टिअरिंगवर हनुवटी टेकवली. मी अख्खा रस्ता तसाच ओलांडला, एकही पाऊल न चोरता. आणि त्या बाजूचं दार त्यानं आतून उघडलं.

लग्न झालं, पण त्यानं जन्मात कधी घोयऱ्याला हात लावला नाही. दाराशी माझ्यासाठी पाण्याचं घमेलं भरून ठेवायचा. हात धुतले की तोच हातात घेऊन पुसायचा.

गेल्या लवंगांच्या हंगामात तो गेला. केंद्र कधीच बंद पडलंय. ट्रक आता भरधाव जातात, कुणासाठी थांबत नाहीत. संध्याकाळी मी वळणापर्यंत जाते. गुडघ्यांमुळे हल्ली माझी चाल खरोखरच तशी झालीय. एक पाय, जरा डुलणं, थांबणं.

मला घाई नाही. पलीकडे तो इंजिन बंद करून बसलाय.