तहानलेला गहू

"चपला बाहेर," रिना मास्कच्या आतून म्हणाली. "हात स्पिरिटनं पुसा, मग आत या."

दारातला उंच पोरगा आपल्या हातातल्या स्क्रूड्रायव्हरकडे बघत राहिला. "मॅडम, मी पंखा पाहाले आलो. ऑपरेशन कराले नाई."

रिनाला हसू आलं, पण मास्कमुळं ते डोळ्यांतच अडकलं. आणि त्यानं नेमकं तिथंच पाहिलं...

गडचिरोलीच्या एका कॉलेजातल्या त्या छोट्या प्रयोगशाळेत रिना गहू वाढवत होती. शेतात नाही — काचेच्या बशीत. कोवळ्या दाण्यातला इवलासा गर्भ काढायचा, जेलीसारख्या थरथरत्या खाऊवर ठेवायचा, की त्याचा भिजल्या साबुदाण्यासारखा गोळा होतो. त्या गोळ्याला हिरवा कोंब फुटला की झालं रोप. पण तो कोंबच रुसला होता. गोळे नुसते फुगायचे आणि तपकिरी पडायचे. प्रयोगशाळेच्या सरांनी सांगून टाकलं होतं, ही शेवटची खेप. नाही साधलं तर गव्हाचं काम बंद, आणि रिनानं चंद्रपूरला घरी परत जायचं.

पंखेवाला अश्वजित वडशाजवळच्या गावचा. पंखा नीट झाला तरी तो येतच राहिला. कधी ट्यूबलाइट, कधी एसीचा आवाज. कधी काहीच नाही — दाराच्या काचेला नाक लावून नुसतं विचारायचा, "फुटला का?" ती मान हलवायची, नाही. तो निघून जायचा, आणि काचेवर त्याच्या श्वासाची वाफ थोडा वेळ रेंगाळायची.

रिनाच्या तोंडाला आत मास्क, बाहेर स्कूटीवर ओढणी. एकदा चहाच्या टपरीवर त्यानं तक्रारच केली, "मॅडम, डोळ्यांशिवाय मले अजून काईच दिसलं नाई."

"डोळे पुरत नाई का?"

"पुरते ना. झोप नाई पुरत."

रिनानं स्कूटी सुरू केली. ओढणीच्या आत तिचे गाल किती तापलेत, हे त्याला दिसलं नाही म्हणून बरं.

दिवाळी सरली. धान कापून झाले, गावोगाव मंडईची जत्रा भरू लागली. एक दिवस तो आला, पण कोंबाचं विचारलंच नाही. "शनिवारी आमच्या गावची मंडई आहे. मी घ्याले येतो... येजो."

इतक्या दिवसांचं 'तुम्ही' कुठल्या कुठं गळून पडलं होतं. आणि मंडईचं बोलावणं म्हणजे काय, हे रिनाला ठाऊक होतं. सोयरे गोळा होतात, नाटक रंगतं, आणि चहाच्या कपाआडून पोरीबाळी बघितल्या जातात. झाडीपट्टीतल्या कितीतरी सोयरिकी मंडईतच जुळतात.

शनिवारी दुपारी तिनं सगळे गोळे जुन्या खाऊवरून उचलून रिकाम्या बश्यांत कोरड्या टिपकागदावर मांडले. आता फक्त ताज्या खाऊवर ठेवायचे... तेवढ्यात बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. तिनं बश्यांना झाकणं लावली, त्या अंधाऱ्या कपाटात सरकवल्या, मास्क काढला. खाऊ द्यायचा राहूनच गेला.

मंडईत अश्वजितच्या आईनं, बायनाबाईनं, तिच्या हातात जिलेबीचा द्रोण ठेवला आणि चेहरा निरखला. "आमचा अश्वजित सांगे, ह्या पोरीले फक्त डोयेच आहेत म्हनून."

सगळा घोळका हसला. रिनाही — पहिल्यांदाच उघड्या चेहऱ्यानं. अश्वजित बघतच राहिला. त्याच्या हातातल्या जिलेबीचा पाक मनगटावरून ओघळत होता आणि त्याला पत्ता नव्हता.

परतीच्या वाटेवर हवेत नव्या धानाचा वास होता. त्यानं हळूच विचारलं, मायले काय सांगू?

"सोमवारी सांगते," ती म्हणाली. उत्तर तर ओठांवरच होतं.

सोमवारी तिनं कपाट उघडलं. गोळे आक्रसून मुरमुऱ्यासारखे झाले होते. आणि काचेपलीकडे तो उभा, चेहऱ्यावर सणासुदीची उमेद घेऊन. ती बाहेर आली. "मी तिथी जिलेबी खात होते, आणि इथी सगळे उपाशी मेले. आता नको येत जाऊस."

तो वळून चालू लागला. फक्त वाफ राहिली काचेवर... मग तीही विरली.

गोळे फेकायला तिचा हात धजेना. उपाशी आलेल्याला पान वाढावं, तसे तिनं ते ताज्या खाऊवर मांडले. धुक्याच्या सकाळी येत-जात राहिल्या. दाराची काच आता लख्ख असायची, आणि तिला ती बघवत नसे.

आणि एका सकाळी — हिरवा ठिपका. मुंगीच्या डोळ्याएवढा. शेजारी आणखी एक... पुढच्या बशीतही... याआधी तर एकही कधी फुटला नव्हता.

सर वाकून बराच वेळ बघत राहिले. मग हसले. गव्हाच्या गोळ्याला थोडं तहानेलं ठेवलं की तो नुसतं फुगायचं सोडतो आणि कोंबाच्या मागे लागतो, म्हणाले. लोक हे मुद्दाम करतात. तू चुकून केलंस, आता मुद्दाम कर. काम चालू राहील.

रिनानं अश्वजितला फोन लावला. "एसी आवाज करून राह्यला."

"नको येत जाऊ म्हनलं होतं ना?"

"आता ये म्हणते ना."

तो आला. न सांगता चपला बाहेर काढल्या, हात पुसले. तिनं बशी उजेडात धरली. "ह्या गोळ्याईले मी काईच दिलं नव्हतं. अंधारात, तहानेलं ठेवलं... म्हणून फुटले."

"मलेबी तसंच ठेवलं ना तू," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता.

तिनं बशी जागेवर ठेवली, त्याला बाहेर आणलं, दार ओढून घेतलं. मगच मास्क खाली केला.

"मायले सांग... पुढच्या मंडईले मी पाहुणी म्हणून नाई येणार."

त्याचा चेहरा उतरला. "मंग?"

"घरची म्हणून. पाहुण्याईले जिलेबी वाढाले."

मग दोघंही काचेला नाक लावून आतले हिरवे ठिपके बघत उभे राहिले... आणि काचेवर वाफ दाटत गेली, दोघांची मिळून एकच.