सीटमागचा खळगा

दार लोटून घ्या. ज्याला मधेच पाणी प्यायला उठायचं असेल त्यानं आत्ताच पिऊन यावं. आणि भूतबित सगळं झूठ आहे असं ज्याला म्हणायचं असेल त्यानं ते शेवटी म्हणावं, आधीच नाक मुरडून बसू नये. मधुकरराव अजून जिवंत आहेत. गांधीबागेत आपल्या कापडाच्या दुकानात बसतात, उजवा पाय जरा ओढत चालतात. जाऊन विचारा. बोलणार काही नाहीत, पण खोटं आहे असंही म्हणणार नाहीत.

झालं ते दोन वर्षांपूर्वी, पोळ्याच्या आदल्या रात्री. दुसऱ्या दिवशी अमावस्या, तेव्हा आभाळात चंद्राची चीरसुद्धा नाही. त्या संध्याकाळी खेड्यांत बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू ओढून सोललेल्या खांद्याला हळद आणि कोमट लोणी चोळायचं, पळसाच्या पानानं शेक द्यायचा, आणि बैलाच्या कानाशी म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.

मधुकररावांची शेती खापा गावात, आता बटईनं, अर्ध्या वाट्यानं कसायला दिलेली. तरी बैलांच्या झुली दरवर्षी त्यांच्या दुकानातून जायच्या आणि लोणी त्यांच्या घरून. एरवी नोकर न्यायचा. त्या वर्षी मधुकरराव म्हणाले, मीच जातो. कारण त्याच दुपारी त्यांची मोटारसायकल तयार होऊन आली होती.

मोटारसायकल साधी नव्हती. कामठीच्या छावणीतून लिलावात निघालेली विलायती पाचशे सीसीची, एका सिलिंडरची. पंचविशीत असताना मधुकररावांनी ती शर्यतीसाठी पार सोलून काढली होती. दिवा नाही, भोंगा नाही, स्टँड नाही. किकसुद्धा कापून टाकलेली, का तर वजन कमी व्हावं. ती धक्क्यावर सुरू व्हायची. स्वारानं गिअर टाकून क्लच दाबून बसायचं, मागून माणसानं ढकलायचं, वेग आला की क्लच सोडायचा. इंजिन खोकून पेटायचं आणि गाडी सुटायची. ढकलणारा मागे धुरात राहायचा.

पुढे चाळीस वर्षं ती खाप्याच्या गोठ्यात कडब्याखाली पडून होती. म्हातारपणी मधुकररावांना हुक्की आली की तिला रस्त्यावर आणायची. सदर भागातल्या पिंटू मिस्त्रीनं तिच्यावर एका पावसाळ्यापासून दुसरा पावसाळा घालवला. दिवा बसवला, भोंगा बसवला, स्टँड जोडला, कुठल्याशा भंगारातून किक हुडकून आणली, पोलीस अडवणार नाहीत असा सायलेन्सर लावला. पोळ्यानंतरच्या रविवारी जुन्या गाड्यांच्या शौकिनांचा मेळावा होता, तिथे मधुकररावांचा सत्कार ठरला होता. पत्रिकेत छापलं होतं, एकट्याच्या बळावर शर्यत जिंकणारे मधुकरराव. मजकूर कुणी दिला? त्यांनीच. तो सत्कार त्यांनी घेतला नाही, का ते आता ऐका.

गाडी उघडून ठेवली होती तेव्हा एक दिवस पिंटूनं हाक मारली.

"काकाजी, हे पाहा बरं. सीटच्या मागच्या पत्र्याले हा गड्डा कायचा? पडून झाल्यासारखा नाही वाटत. हात घालून पाहा, पुरा खांदा बसते याच्यात."

मधुकररावांनी हात घातला नाही. "धक्का देत होतो मी."

"सोताच वर बसायचे अन् सोताच मागून खांदा द्यायचे? मोठे कलाकार होते गा तुम्ही!"

"पिंट्या, तुले गाडी दुरुस्तीले ठेवलं का पंचायतीले? ठोकून सपाट कर. वरून रंग मार."

पिंटूनं आतून ठोकलं, पुट्टी भरली, घासलं, वरून लाल रंग मारला. पत्रा आरशासारखा झाला. तोंड पाहून घ्यावं असा. मधुकररावांनी तेवढं मात्र पाहिलं नाही.

खांदा देवरावाचा होता. देवराव त्यांच्या घरचा सालदार, सालभराच्या बोलीवर राबणारा गडी. आडवा बैल ढकलून जागेवर आणायचा असा माणूस. म्हणूनच गाडीमागे मधुकररावांनी त्याला लावला. शेवटच्या शर्यतीत झेंडा पडला, देवरावानं खांदा लावला, ओरडला, "सोडा, मालक!" यांनी क्लच सोडला, गाडी सुटली, आणि मागच्या रांगेतून आलेल्या गाडीनं देवरावाला उडवलं. पहिला फेरा पुरा करून आले तेव्हा मधुकररावांना तो दिसला. रेघेच्या कडेला मातीत बसलेला, एका हातानं दुसरा खांदा धरून. पुढच्या फेऱ्यालाही दिसला. दर फेऱ्याला दिसला. हे थांबले नाहीत. चषक मिळाला, हार पडले, मिरवणूक निघाली. देवराव कुणाच्या तरी ट्रकच्या मागे बसून गावी गेला. हाड वाकडंच जुळलं. साल संपलं तसं मधुकररावांच्या वडिलांनी त्याला कामावरून काढलं, आणि पुढे फार दिवस तो जगला नाही. त्याची बायको रंभाबाई खाप्यातच राहते. मधुकरराव खाप्याला शेकडो वेळा गेले असतील, तिच्या गल्लीतून एकदाही नाही. लांबून वळसा घालायचे. एवढा मोठा माणूस, आणि एका म्हातारीच्या दाराला भ्यायचा.

तर त्या संध्याकाळी निघता निघता अंधार पडला. शामलाबाईंनी नवऱ्याच्या पाठीवरच्या सॅकमध्ये झुली कोंबल्या, वर हळदलोण्याचा डबा ठेवला.

"या वयात कायले पाह्यजे ते फटफटी? कारनं जा ना सरळ."

"कारनं गेलो तर पाह्यते कोण?"

"अन् या अंधारात कोण पाहून राहिलं तुमाले?"

दुपारी गाडी सोपवून जाताना पिंटूनं बजावलं होतं, "काकाजी, रस्त्यात बंद नका करू. किक उलटी मारते हे. पाय मोडन."

कोराडी मागे गेली तोवर मधुकररावांची छाती भरून आली होती. गाडी सुरेख चालत होती. पाटणसावंगी गेली. संत्र्याच्या बागा लागल्या. वाहनं विरळ झाली, मग थांबलीच. बैल शेकायच्या वेळी कोण घराबाहेर असतं? आणि एका वळणावर गाडी एकदा खोकली आणि गप्प झाली. इंजिनाबरोबर दिवाही गेला.

मधुकररावांनी किक मारली. काही नाही. जोर लावून मारली. किक उलटी आली ती घोट्यावर. कळ डोक्यापर्यंत गेली. गाडी स्टँडवर टाकून ते रस्त्यातच बसले. पिंटूला लावायला फोन काढला, आणि परत खिशात ठेवला. पिंटू हसेल. शामला तर हसेलच. थोड्या वेळानं उठले, एका पायावर ढकलून पाहिलं. सत्तरीकडे झुकलेला माणूस, ही एवढी लोखंडी म्हैस. हलेना. मग नुसते वर बसून राहिले. कोणी येईल, धक्का देईल. जुन्या सवयीनं गिअर टाकला, क्लच दाबला, हात तिथेच ठेवला.

बागेतली रातकिड्यांची किरकिर थांबली.

गाडी हलली.

आधी त्यांना वाटलं उतार आहे. उतार नव्हता. रस्ता चढाचा होता.

गाडी चालत होती. हळू. एका चालीनं. जशी औतामागची माती सरते तशी.

"कोण आहे गा?"

चाल तीच राहिली.

"भाऊ... कोण आहेस?"

मागे श्वास होता. दमलेल्या माणसाचा. आणि पावलागणिक एक आवाज. खट्... खट्... हाड हाडावर घसरावं तसा. गाडी सारखी डावीकडे ओढत होती. जणू मागून एकाच बाजूनं जोर लागत होता. दुसरी बाजू कामातून गेलेली असावी...

मधुकररावांनी मागे पाहिलं नाही. शर्यतीतला स्वार मागे पाहत नाही, हे त्यांनीच तरुणपणी चारचौघांत मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. आता मान वळतच नव्हती.

वास आला. घाम, कडबा.

वेग वाढला. आणि अगदी पाठीशी, कानाजवळ, कुजबुजल्यासारखं...

"सोडा, मालक."

क्लच सोडला की गाडी पेटेल. पेटली की सुटेल. सुटली की तो पुन्हा मागे राहील. रस्त्यात. अंधारात. खांदा धरून.

सोडला नाही.

"सोडा..."

नाही.

ढकलणं थांबलं नाही. हे किती वेळ चाललं ते त्यांना सांगता येत नाही. शिव्या दिल्या असत्या, मानगूट धरली असती, नाल्यात लोटलं असतं, तरी त्यांनी मुकाट्यानं सोसलं असतं. भूत सूड घेतं एवढंच त्यांना माहीत होतं. हा ढकलतच होता. मेल्यावरही मालकाची गाडी ढकलत होता. मधुकररावांना भीतीपेक्षा दुसरंच काही चढत गेलं, कानशिलं तापली, त्या अंधारात कुणी पाहत नसताना त्यांना तोंड लपवावंसं वाटलं.

आणि इतकी वर्षं दाबून ठेवलेली एक संध्याकाळ वर आली. शर्यतीनंतरचा पोळा. आदल्या दिवशी देवरावाला घरी बोलावलं होतं, बैलांना त्याच्याच हाताची सवय म्हणून. एक हात गळ्यात बांधलेला. दुसऱ्या हातानं तो बैलांचे खांदे चोळत होता, लोण्यानं, हळदीनं, हळूहळू. बैलांनी डोळे मिटले होते. हळदीचं ताट धरून मधुकरराव शेजारीच उभे. वडिलांनी बैलांना आवतण दिलं. देवरावाला कुणी दिलं नाही. त्याच्या खांद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हात धोतराला पुसून तो निघून गेला.

लांब खाप्याचे दिवे दिसले. मधुकररावांनी ब्रेक दाबला.

गाडी थांबली. मागचा श्वास थांबला नाही.

त्यांनी सॅक पुढे घेतली. डबा काढला. झाकण निघेना, मग निघालं. मागे न पाहता त्यांनी डबा तसाच उघडा पाठीमागे धरला. काहीतरी म्हणायला हवं होतं. ओठांवर आलं ते आवतण. पण ते बैलांचं. तेही गिळलं.

"देवराव... खांद्याले..."

हात भरून आला. डबा धरलेला.

मग डब्यात बोटं गेली. डबा हातात जरा खाली दबला. पुन्हा दबला. लोण्याचा चिकट आवाज...

मग काही नाही. रातकिडे एकदम सुरू झाले.

तिथून पुढे मधुकररावांनी गाडी स्वतः नेली. इंजिन पेटवून पाहिलं नाही, पेटवायचंच नव्हतं. हँडल धरायचं, चार पावलं लंगडायचं, गाडीवर टेकायचं, पुन्हा चार पावलं. आता मागून कुणी नव्हतं. तिचं सगळं वजन त्यांचं त्यांना कळत होतं. गावात शिरले तेव्हा फटफटलं होतं. बटईदाराच्या वाटेला ते वळले नाहीत. चाळीस वर्षं चुकवलेल्या गल्लीत शिरले.

रंभाबाई दारात सडा टाकत होती. वाकलेली, पण डोळे तिखट. बादली खाली ठेवून तिनं पाहिलं. ओळखायला तिला वेळ लागला नाही.

"तुमी? इकडे? घर चुकलं का मालक?"

मधुकररावांनी गाडी स्टँडवर लावली. टोपी काढली.

"रंभाबाई... त्या दिवशी मी थांबलो नाही. मले दिसला नाही असं नाही. दिसत होता. दर फेऱ्याले दिसत होता."

तिनं पदरानं हात पुसले.

"मालूम हाय मले. त्यानं सांगतलं होतं. म्हने, मालक दर फेऱ्याले माह्याकडे पाहून राहिले होते. तेवढ्यावरच लय खूश होता. म्हने, पाहून त राहिले होते..." ती थांबली. "एवढं सांगाले तुमाले म्हातारं व्हा लागलं का?"

मधुकररावांची मान वर झाली नाही.

"त्याचं एक रायलं," ती म्हणाली. "त्याले वाटे तुमी घरी यान. पोळ्याले तरी यान. दाराकडे तोंड करून निजे तो."

ती गाडीभोवती फिरून मागे गेली. आणि तिथेच थबकली.

"हे काय केलं?"

मधुकरराव लंगडत मागे आले.

पिंटूनं ठोकून सपाट केलेल्या पत्र्यात खळगा पडला होता. होता तिथेच, होता तेवढाच. लाल रंगाला कुठे चीर नाही, पुट्टीचा कपचा उडालेला नाही, जणू पत्रा घडवतानाच तसा घडवला. आणि खळग्याच्या तळाशी पिवळं लोणी चोपडलेलं. चार बोटांच्या ओळी स्पष्ट.

रंभाबाईनं हात घातला. तळवा आत टेकवला, त्या खांद्याच्या जुन्या सवयीनं, जसा माणूस रात्री अंधारातही आपल्या घरची कडी हुडकतो. मग बोटं बाहेर काढून अंगठ्यावर चोळली.

गाडीच्या टाकीवर दव साचलं होतं. इंजिन रात्रभर थंड होतं, सायलेन्सरवर गोगलगाय चढलेली. मधुकररावांच्या सॅकमधला डबाही गार पडला होता, लोणी आत थिजलेलं.

"कोमट हाय," रंभाबाई म्हणाली.