बेटाच्या नकाशातली चूक

पुस्तकांच्या दुकानात, प्रवासाच्या कपाटाआड उभा राहून एक माणूस नव्याकोऱ्या पुस्तकात लाल पेनाने काहीतरी लिहीत होता. तिनं त्याला रंगेहाथ पकडलं.

"काय चाललंय हे?"

तो इतका दचकला की पेनाचं टोपण उडून तिच्या चपलेवर पडलं. "काही नाही… म्हणजे… आहे, पण तुम्हाला वाटतंय तसं नाही."

"मला वाटतंय की तुम्ही विकायचं पुस्तक खराब करताय."

"मग वाटतंय तसंच आहे," तो कबूल झाला आणि ओशाळून हसला.

तिनं आधी त्याचे दात पाहिले. सवयच ती. गेली अकरा वर्षं ती दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवत होती. प्लास्टरचे साचे, गुलाबी मेण, बारीक कानशी… माणसाचा चेहरा विसरेल, पण दात विसरणार नाही. कार्यशाळेत सगळे तिला कवळीताई म्हणत. समोरच्या माणसाचा वरचा डावा सुळा किंचित फिरलेला होता आणि त्यामुळे त्याचं हसू एका बाजूला कलायचं. दुरुस्त करू नये असा दात, तिला वाटलं. मग स्वतःच्याच विचाराचा तिला राग आला.

"द्या ते पुस्तक. मला तेच घ्यायचंय."

"हे नका घेऊ," तो घाईनं म्हणाला.

आता 'नको' हा शब्द त्या आठवड्यात तिच्यापुढे उच्चारायला नको होता. त्या आठवड्यात तिनं तो पोटभर ऐकला होता.

झालं होतं असं, की ती पहिल्यांदाच सुट्टीवर निघाली होती. दरवर्षी दादा, वहिनी आणि मुलं थंड हवेच्या ठिकाणी जायची आणि ती रजा टाकून बाबांजवळ थांबायची. कुणी तिला तसं सांगितलं नव्हतं, पण कुणी कधी विचारलंही नव्हतं. यंदा रविवारी जेवताना तिनं सगळ्यांच्या आधी आपल्या तारखा सांगून टाकल्या. दहा दिवस. बेटावर. एकटी.

"बेटावर एकटी बाई काय करते?" दादाचा घास हातातच राहिला.

"पोहते," ती म्हणाली.

आई गेली तेव्हा ती सतरा वर्षांची होती. त्यानंतर पोहणं सुटलं ते सुटलंच. दादा ते विसरलाही असेल. तो फक्त "नको" म्हणाला. मग समजावून नको म्हणाला, मग आवाज चढवून. वहिनी वाटीतलं ढवळत बसली. बाबा वर्तमानपत्राआड होते. त्यांनी एक पान उलटलं, एवढंच.

तर आता ती बेटाचं प्रवास-मार्गदर्शक घ्यायला आली होती. कपाटात तीन होती. एकात नुसती चित्रं, लाटा आणि गॉगल घातलेली जोडपी. दुसरं विटेएवढं जाड, त्यात बेटावरच्या राजांच्या वंशावळी. तिसऱ्यातले नकाशे मात्र असे की पाहत राहावं. पायवाटा, विहिरी, धक्का, एकेक खाडी केसाएवढ्या रेघेनं काढलेली. तिच्या हातालाच ती रेघ आवडली.

"का नको?" तिनं विचारलं. "तिघांत हेच चांगलं आहे."

"नकाशे आवडले?"

"फार."

"मी काढलेत," तो म्हणाला आणि त्याचे कान लाल झाले. "म्हणूनच सांगतोय. त्यात एक चूक आहे. माझी."

त्यानं पान उघडून दाखवलं. पश्चिमेच्या खाडीत पोहणाऱ्या माणसाचं छोटं निळं चिन्ह होतं. त्यावर लाल फुली आणि शेजारी अत्यंत गिचमिड अक्षरात काहीतरी.

"ते चिन्ह पूर्वेच्या खाडीत हवं होतं. पश्चिमेला पाणी आत ओढतं. एका मास्तरांचं पत्र आलं आम्हाला, बायकोबरोबर तिथं उतरले होते. कोळ्यांनी ओढून काढलं म्हणून वाचले. मी प्रकाशनाच्या साहेबांना सांगितलं. साहेब म्हणतात, छापलेल्या प्रती संपू देत, पुढच्या आवृत्तीत बघू."

"आणि तुम्ही?"

"मी जेवणाच्या सुट्टीत दुकानं फिरतो."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. खांदे पडलेले, शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात… आणि साहेबाच्या नाकावर टिच्चून शहरभर फुल्या मारत हिंडतोय.

"बेटावर गेला होतात कधी?"

"नाही. बोट लागते मला. आणि पाण्याची… जरा भीतीच वाटते. मोजणीच्या कागदांवरून काढतो आम्ही. नकाशा काढायला जावं लागत नाही."

"म्हणूनच चुकलात."

त्याला ते लागलं, हे तिला दिसलं. पण त्यानं मान हलवली. "हो. म्हणूनच."

सबब न सांगणारा माणूस तिला फार दिवसांनी भेटत होता. तिनं खाली वाकून टोपण उचललं आणि हात पुढे केला.

"पेन द्या."

"कशाला?"

"काय लिहिलंय हे? 'इथे पोळू नका'? माणसं काय समजणार? तुमची रेघ देखणी आहे हो, पण अक्षर म्हणजे… द्या इकडे."

आणि तिनं, कवळीच्या दातावर कानस चालवावी तशा स्थिर हातानं, लिहिलं: इथे पोहू नका. प्रवाह आत ओढतो. पूर्वेच्या खाडीत जा.

"अजून किती दुकानं?"

"सतरा," तो म्हणाला. "होती. आता सोळा."

*

ती सोळा दुकानं त्यांना चार शनिवार पुरली. खरं तर दोनात झाली असती, पण तो रस्ता चुकायचा.

"नकाशे काढणारा माणूस रस्ता चुकतो?"

"कागदावर नाही चुकत. इथे तुम्ही शेजारून चालत असता."

"माझा काय संबंध?"

"तेच तर सांगतोय…"

दुकानात शिरलं की तो पुस्तकं काढून द्यायचा, ती लिहायची आणि तो पान वाळेपर्यंत फुंकर घालायचा. एकदा दोघं एकाच पानावर वाकले आणि त्याची फुंकर तिच्या मनगटावर आली. तिचं अक्षर आयुष्यात पहिल्यांदा हललं.

"हे काय?" तो म्हणाला. "'प्रवाह'चा 'ह' वाकडा झाला."

"पाणी ओढतंय म्हणून," ती म्हणाली आणि पान उलटलं.

चौथ्या शनिवारी, शेवटच्या दुकानात, व्यवस्थापकानं दोघांना धरलं. बाईमाणूस आहे म्हणून तिला नुसते डोळे वटारून सोडलं. याचं नाव-गाव विचारून थेट त्याच्या साहेबांना फोन लावला.

सोमवारी दुपारी तो तिच्या कार्यशाळेच्या दारात उभा होता. आत प्लास्टरची पांढरी धूळ, खिडकीशी सुकत ठेवलेले वीसेक जबडे.

"साहेबांनी माफीनाम्यावर सही मागितली," तो म्हणाला. "मी केली नाही."

"मग?"

"म्हटलं, आधी सगळ्या पुस्तकांत दुरुस्तीची चिठ्ठी लावा, मग माफी मागतो, गुडघे टेकून मागतो. ते म्हणाले, चिठ्ठी लावणार नाही. मग मी म्हणालो…" तो थांबला, जणू आपण काय बोललो ते त्यालाच पटत नव्हतं. "मी म्हणालो, माझ्या नकाशावर माणूस बुडत असेल तर मला तुमची खुर्ची नको. तेरा वर्षांची नोकरी, एका वाक्यात गेली."

ती हातातली कानस खाली ठेवून उठली. त्याच्यासमोर स्टूल सरकवलं. पाणी दिलं.

"घाबरलात?"

"खूप. म्हणून तर थेट इथे आलो."

"मास्तरांचं पत्र आहे तुमच्याकडे?"

"प्रत आहे."

"आणा."

तिनं पत्राच्या सतरा प्रती काढल्या आणि सतराही दुकानांत स्वतः नेऊन दिल्या. पहिल्या दुकानाची मालकीण पत्र वाचून उठली आणि त्या पुस्तकाची चळत कपाटातून काढून गल्ल्यामागे ठेवली. "चिठ्ठी लागली की परत मांडीन. सांगा तुमच्या साहेबांना." आठवड्यात नऊ दुकानांनी तेच केलं. ज्यानं त्यांना धरलं होतं, त्या व्यवस्थापकानंसुद्धा. दहाव्या दिवशी साहेब नमले आणि प्रत्येक प्रतीत पिवळी चिठ्ठी चिकटली. याला नोकरीवर परत कुणी बोलावलं नाही. तो घरीच टेबल मांडून जमिनींचे नकाशे काढायला लागला.

पण ही कथा फिरत फिरत दादाच्या कानावर गेली.

"तो पुस्तकं बिघडवणारा कोण आहे?"

"सुधारणारा," ती म्हणाली.

"म्हणजे त्याच्याबरोबर चालली आहेस! एकटी म्हणे!"

"एकटीच चालले आहे."

"खोटं नको बोलूस. मी तुझा मोठा भाऊ आहे."

"मग मोठ्या भावासारखा ऐक ना," ती म्हणाली. आवाज चढला नाही, पण वहिनीनं वाटी ढवळायची थांबवली. "कुणाबरोबर जायचं असेल तर त्याचा हात धरून तुझ्यासमोरून जाईन. लपून नाही जाणार. पण ह्या वेळी मला एकटीला जायचंय. मी पोहते की बुडते, ते मला एकटीला बघायचंय. सोमवारपासून बाबांची औषधं तुझ्याकडे. डबीवर वेळा लिहिल्यात."

दादानं वहिनीकडे पाहिलं. वहिनी म्हणाली, "माझ्याकडे काय बघताय? डबी तुमच्याकडे दिलीय."

*

धक्क्यावर तो तिला सोडायला आला. वारा इतका की तिची ओढणी सारखी त्याच्या खांद्यावर जायची. दोन वेळा तिनं ओढून घेतली, तिसऱ्यांदा राहू दिली.

"मी येऊ का, असं मी विचारणार नाही," तो म्हणाला.

"का?"

"कारण तू एकटी जाणार आहेस. मी ऐकलंय तुझं."

बोटीचा भोंगा वाजला.

"'तू' म्हणालात मला."

"म्हणालो."

"चुकून?"

"नाही. चूक मी एकदाच केली. ह्या बेटाच्या बाबतीत." तो हसला, कललेलं हसू. "परत घेऊ?"

"राहू दे," ती म्हणाली आणि फळीवरून धावत बोटीत चढली. मागे वळून पाहायचं नाही असं ठरवलं होतं. पाहिलं.

बेटावर पहिल्या दिवशी ती पूर्वेच्या खाडीत कंबरभर पाण्यात नुसती उभी राहिली. सतरा वर्षं झाली होती. दुसऱ्या दिवशी हात मारले. चार हात, सहा हात… नाकात पाणी गेलं, खोकली, एकटीच हसली. तिसऱ्या दिवशी ती खडकापर्यंत जाऊन परत आली आणि वाळूवर उताणी पडून मोठ्यांदा रडली. कुणी विचारलं नाही, काय झालं. ते फार बरं वाटलं. खानावळीत एकाच माणसाचं ताट मागायची तिला लाज वाटेल असं दादा म्हणाला होता. मुळीच वाटली नाही. तिनं दोनदा वाढून घेतलं.

पाचव्या दिवशी दुपारी केस पिळता पिळता तिच्या मनात आलं, की जे बघायचं होतं ते बघून झालं. आता उरलेले पाच दिवस आपल्याला एकटीनं नकोत. कुणाला काही सिद्ध करायचं नव्हतं, अगदी स्वतःलासुद्धा. तिनं फोन लावला.

"ये," ती म्हणाली.

पलीकडे कागद उलगडल्याचा आवाज. मग — "बोटीनं?"

"दुसरा रस्ता काढलायस का नकाशात?"

"चार तास लागतात ना?"

"साडेचार. उलट्या होतील. लिंबू हुंगत बस आणि लांब क्षितिजाकडे बघ."

"हे तू फार प्रेमानं सांगतेयस."

"प्रेमानंच सांगतेय," ती म्हणाली. आणि मग, शब्द तोंडातून निघून गेलाच आहे तर आता माघार कशाला म्हणून, पुन्हा म्हणाली, "प्रेमानंच. ऐकू आलं ना नीट?"

"आलं," तो म्हणाला. त्याचा आवाज अगदी लहान झाला होता. "किती वाजता सुटते बोट?"

दुसऱ्या दिवशी तो उतरला तेव्हा त्याचा रंग कच्च्या केळ्यासारखा होता. चार पावलं चालला आणि धक्क्यावरच गुडघ्यांत डोकं घालून बसला. ती शेजारी टेकली, त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तेवढ्यात दादाचा फोन.

"दादा, तो आलाय," दादानं काही विचारायच्या आधीच ती म्हणाली. "मी बोलावलं म्हणून. आत्ताच उतरला."

पलीकडे जो आवाज झाला तो शेजारी बसलेल्यालाही ऐकू गेला. त्यानं गुडघ्यांतून डोकं काढलं आणि पुन्हा घातलं. मग पलीकडे काहीतरी खुडबुड, वहिनीचं "द्या हो त्यांना," आणि बाबांचा आवाज.

"बाबा, मी विचारत नाहीये," ती म्हणाली. "सांगतेय."

"मग मीही सांगतोच. तुझा दादा औषधं तुझ्यापेक्षा वेळेवर देतो, तेव्हा माझं निमित्त पुन्हा कधी पुढे करू नकोस. त्यालाही करू देणार नाही." ते जरा खोकले. "आलाय त्याला पोहता येतं का?"

"नाही."

"मग इतके दिवस काय केलं त्यानं आयुष्यात? शिकव त्याला." आणि फोन बंद झाला.

ती उठली. डोळे पुसले, हात पुढे केला. "ऊठ."

"कुठे?"

"पाण्यात."

"आत्ता? अगं, जरा दया कर. आत्ताच त्यातून आलोय मी."

"त्याच्यावरून आलायस," ती म्हणाली. "त्यातून नाही."

त्यानं एकदा समुद्राकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग तिचा हात घट्ट धरून उठला आणि दुसऱ्या हातानं विजारीचे पाय दुमडायला लागला.