हिरवा दिवा आणि जाईची पाटी

जाईचा दिवा कायम हिरवा, मग तिची गणितं चुकतात कशी? माझं तर डोकंच चालेना!

आमच्या सातवीच्या वर्गात ठोकळा नावाचा यंत्रमानव आहे. त्याच्या अवधानमापकाला (लक्ष मोजणाऱ्या यंत्राला) आमचे डोळे दिसतात. नजर फळ्यावर असली की बाकावरचा दिवा हिरवा, इकडेतिकडे गेली की लाल. माझा दिवा दिवसभर लुकलुकतो. शेजारची जाई मात्र फळ्यावरून नजर हलवत नाही, तरी तिच्या पेपरात चुकाच चुका. इतकं लक्ष देऊनही जमत नाही, म्हणून सोमवारपासून तिला दुसऱ्या तुकडीत बसवायचं ठरलं. पहिलीपासून आम्ही एका बाकावर! मला रडूच आलं.

मधल्या सुट्टीत मी ठोकळ्याला गाठलं. "तुझं यंत्र बिघडलंय."

"तपासलं. ठीक आहे." मग त्याने विचारलं, "मृण्मयी, सत्तावीस आणि अडतीस किती?"

"पासष्ट. त्यात काय!"

"आता हे आकडे मनात घोळवत राहा. नऊ, चार, सात, एक, सहा, तीन. आणि सांग, छत्तीस अधिक सत्तेचाळीस?"

"नऊ, चार... त्र्याहत्तर... नाही नाही... अरे देवा, आकडेही गेले!"

"मेंदूत एक छोटी पाटी असते, कार्यस्मृती (काम चालू असताना गोष्टी तात्पुरत्या धरून ठेवणारी जागा). तिच्यावर थोडंच मावतं. ती आधीच भरली असेल, तर फळ्यावरचं लिहायचं कुठे?"

मी तडक जाईकडे पळाले. "तुझ्या पाटीवर काय आहे गं? खरं सांग."

पाटी म्हणजे काय ते समजावल्यावर तिला हुंदकाच फुटला. तिची आई नुकतीच चांद्रतळावर कामाला गेली होती. आईचा निरोप घरी यायचा, तोही नेमका शाळेच्या वेळात. "आला असेल का, आई बरी असेल का, हेच फिरत राहतं. फळ्याकडे बघत बसलं की कुणी काही विचारत नाही."

ठोकळा मागेच उभा होता. "मला डोळे दिसले, काळजी नाही दिसली. मी विचारायला हवं होतं."

त्याने बाईंना सांगितलं. तुकडी बदलायचं आठवडाभर लांबणीवर पडलं आणि निरोप शाळेत येऊ लागले. जाई ते मधल्या सुट्टीत ऐकायची.

शनिवारी बाईंनी तोंडी गणित घातलं. "तेवीस चोक किती? त्यातून सतरा वजा."

जाईने डोळे घट्ट मिटले. दिवा लाल!

"पंच्याहत्तर," जाई म्हणाली. "डोळे मिटले की मला नीट सुचतं, बाई."

बरोबर! बाई हसल्या. "बस गं, इथेच बस." ठोकळ्याने सगळ्या बाकांवरचे दिवे विझवून टाकले.

आता तो रोज सकाळी दारात एकेकाला विचारतो, "आज पाटीवर काय?" पुढच्या वर्षी इतर शाळांतल्या यंत्रमानवांनाही तो हे शिकवणार आहे. काल मी म्हटलं, "डबा घरी राहिला." जाई मागेच रांगेत होती. बाकावर बसताच तिने आपलं अर्धं थालीपीठ माझ्याकडे सरकवलं.